परत का गेला, ते बघ

कोड काय करतो याच्या टेस्ट, म्हणजे तो तपासणारे छोटे प्रोग्रॅम, लिहा असं कुणाला सांगावं लागत नाही. व्याज बरोबर येतंय का, पावती छापली जातेय का, शिल्लक जुळतेय का, हे सगळं माणूस हौसेने तपासतो. गाडी अडते ती कोडने नाही म्हणायचं असतं त्या जागी. तिथली टेस्ट बहुधा संध्याकाळी, घरी निघायच्या घाईत उरकलेली असते. चुकीचं काही दिलं की एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवून ‘हे चालणार नाही’ असं कळवणं, यायला हवं, आलं, टेस्ट हिरवी म्हणजे पास, चला. ते कुठून आलं, कशामुळे आलं, आल्यावर मागे काय सांडून गेलं, याची चौकशी करायला कुणी थांबत नाही. दुसऱ्यांचा कोड वाचणं हेच हल्ली माझं मुख्य काम झालंय, आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणी मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल, उघडली की मी आधी नकाराच्या टेस्टांकडे जाते. लिहिणाऱ्याचा खरा स्वभाव तिथे कळतो.

आमचं सॉफ्टवेअर सहकारी पतसंस्थांसाठी आहे. गुजरातेत त्यांना शराफी मंडळी म्हणतात. बडोद्यात बसून हे काम करायला थोडा आब वाटतो, कारण इथे विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली, आणि सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला तो १९०४ मध्ये. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी बडोद्याचे लोक एकमेकांना कर्ज देत होते आणि वेळ पडली तर नाहीही म्हणत होते. पुढे १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. आमच्याकडच्या मराठी घरांत एखादा तरी माणूस बँकेत, तिजोरीत नाहीतर युनिव्हर्सिटीत असायचाच. आमच्या घरी तो माणूस म्हणजे बाबा. एका बँकेत, बराच काळ क्लिअरिंगच्या टेबलावर. त्यांचा या लेखाशी संबंध आहे, पण आधी त्या टेस्टची गोष्ट.

मंडळीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम पहिल्या दिवसापासून आहे. मुदत ठेव पिकली आणि व्याज धरून रक्कम २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त झाली, तर ती सभासदाला रोखीने परत द्यायची नाही. त्याच्या नावच्या चेकने द्यायची किंवा बँक खात्यात भरायची. हे मुळात १९६१ च्या आयकर कायद्यातल्या २६९-टी कलमातून आलं. काउंटरवरच्या माणसाला भीड पडते. समोरचा शेजारी असतो, पाहुणा असतो, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर असतं. कोडला भीड पडू नये म्हणून तर तो तिथे बसवलाय. त्यामुळे या नियमाची टेस्ट ही आमच्या लेखी नुसती औपचारिकता नाही.

टीममध्ये प्रतापनगरचा एक नवा मुलगा आलाय, हुशार, हात जलद. त्याने रोख परतफेडीची मेथड, म्हणजे तेवढं काम करणारा कोडचा तुकडा, नीटनेटकी करून दिली आणि सोबत टेस्टही. मेथडला रक्कम मजकूर म्हणून मिळते, कारण ती फॉर्ममधून तशीच येते. आत गेल्यावर आधी त्या मजकुराचा आकडा होतो, मग तो २०,००० च्या अटीला लावला जातो, आणि अट मोडली तर इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन, म्हणजे ‘दिलेली गोष्ट चालत नाही’ अशी तक्रार, फेकलं जातं. टेस्टमध्ये त्याने रक्कम दिली होती ‘२५,०००’, आणि जावा भाषेत टेस्ट लिहायचं साधन असलेल्या जेयुनिटच्या असर्ट-थ्रोजला (एक्सेप्शन आलं का ते तपासणाऱ्या आज्ञेला) सांगितलं होतं की इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येईल. आलं. हिरवी. वाचायलाही किती सरळ. पंचवीस हजार रोख मागितले, कोडने नकार दिला, अजून काय हवं?

सगळी गोम त्या स्वल्पविरामात होती.

जावाचं पार्स-लाँग मजकुराचा आकडा करतं तेव्हा त्याला मधला स्वल्पविराम चालत नाही. ते तिथेच नंबर फॉरमॅट एक्सेप्शन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी तक्रार, फेकतं. आणि जावाच्या वंशावळीत नंबर फॉरमॅट एक्सेप्शन हे इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शनचं अपत्य आहे. असर्ट-थ्रोज अपत्यालाही आईबापांच्या नावाने आत घेतं. त्याचं कामच तसं आहे, त्यात दोष नाही. तर झालं होतं असं की वीस हजारांच्या अटीपर्यंत कोड पोचलाच नव्हता. तो उंबऱ्यावरच स्वल्पविरामाला अडखळला, आणि टेस्टने त्या अडखळण्यालाच नकार समजून शाबासकी दिली. मी अटीच्या दोन्ही ओळी कमेंट करून बंद केल्या आणि टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी. नियम कोडमधून काढून टाकलेला, आणि त्याच नियमाची टेस्ट म्हणतेय सगळं ठीक आहे.

‘पण ताई, एक्सेप्शन तर आलं ना?’ तो म्हणाला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ‘चालशे’, म्हणजे चालेल, म्हणालं. ‘चालशे’ या एका शब्दावर आमच्या गावातली निम्मी कामं पार पडतात, आणि एरवी माझी त्याला हरकत नसते.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबांना जावा म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण त्यांनी लगेच ताटावरून मान वर केली. ‘म्हणजे चेक परत गेला एवढंच बघितलं. परत का गेला ते बघितलंच नाही.’ मग ते सुरू झाले. क्लिअरिंगमध्ये चेक परत करताना सोबत मेमो जातो, त्यावर कारण लिहावंच लागतं, आणि प्रत्येक कारणाला ठरलेला क्रमांक असतो. खात्यात पुरेशी रक्कम नाही, हे वेगळं. सही जुळत नाही, हे वेगळं. खातेदारानेच पैसे थांबवायला सांगितलंय, हे वेगळं. तारीख जुनी, हे आणखी वेगळं. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांचीच आहे. चेक चारही वेळा परतच जातो, पण पुढचं सगळं बदलतं. पैसे नाहीत म्हणून परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १३८ व्या कलमाखाली नोटीस निघू शकते, प्रकरण फौजदारीत जातं. मुदत उलटल्यावर भरला म्हणून परत आला तर ते कलम लागतच नाही. बाबांचं म्हणणं, नुसतं ‘परत’ असा शेरा मारून कागद पुढे सरकवणाऱ्या कारकुनाला त्यांच्या साहेबांनी उभं केलं असतं. तो मेमो माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय, आणि टेस्ट वाचताना मी दर वेळी तोच शोधते.

आमचा कोडबेस, म्हणजे सगळा मिळून कोड, जुना आहे. जमीन खणावी तसे त्यात थर दिसतात, आणि प्रत्येक थरातल्या लोकांनी नकार कसा तपासला ते वाचता येतं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी जेयुनिटची सुरुवात केली ती १९९७ मध्ये, झुरिकहून अटलांटाच्या परिषदेला जाताना विमानात बसून. त्या सुरुवातीच्या काळात एक्सेप्शनसाठी वेगळी सोय नव्हती. मग लोक हातानेच करत: ट्राय लिहायचं, आत मेथड बोलवायची, लगेच खाली फेल लिहायचं, आणि कॅचमध्ये आलेलं एक्सेप्शन पकडायचं. एक्सेप्शन आलं नाही तर गाडी फेलवर आदळते आणि टेस्ट पडते. हा प्रकार दिसायला ओबडधोबड, पण प्रामाणिक आहे. फक्त दोन ठिकाणी तो दगा देतो. एक, फेलची ओळच राहून गेली तर एक्सेप्शन न येताही टेस्ट पास होते, आणि अशा टेस्ट आमच्याकडे सापडल्यात. दुसरं, फेलसुद्धा आतून एक एररच फेकतं. कॅचमध्ये कुणी जास्तीची सावधगिरी म्हणून थ्रोएबल, म्हणजे फेकलं जाईल ते सगळं, लिहिलं तर तो कॅच फेललाच गिळून टाकतो. तक्रार करणाऱ्यालाच गप्प बसवायचं आणि मग तक्रार नाही म्हणून सांगायचं, असला कारभार.

२००६ च्या जेयुनिट ४ ने टेस्टच्या डोक्यावर ‘एक्स्पेक्टेड’ लिहायची सोय दिली. एका ओळीत काम. लोकांना ती इतकी आवडली की आमच्या मधल्या थरात दुसरं काही दिसत नाही. तिची खोड अशी की ती अख्ख्या टेस्ट मेथडला लागू होते. टेस्टमध्ये दहा ओळी तयारीच्या असतील आणि अकरावी खरी, तर तयारीच्या तिसऱ्या ओळीत सभासदाचा ऑब्जेक्ट नल, म्हणजे रिकामा, निघून एक्सेप्शन उडालं तरी चालतं, प्रकार जुळला म्हणजे झालं. आणि प्रकार जुळावा म्हणून कुणी तिथे नुसतं ‘एक्सेप्शन’ लिहून ठेवलं असेल, तर मग काय बोलायचं. त्यानंतर एक्स्पेक्टेड एक्सेप्शन नावाची सोय आली, ज्यात एक्सेप्शनसोबत येणाऱ्या निरोपाचा मजकूरही तपासता येई. पण एक्सेप्शन उडालं की टेस्टची उरलेली मेथड तिथेच संपायची, तेव्हा नंतरची परिस्थिती बघायला वाव नव्हता. २०१७ मध्ये जेयुनिट ५ आलं, त्यात असर्ट-थ्रोज आलं, आणि २०२० च्या जानेवारीत निघालेल्या ४.१३ मध्ये जुन्या लोकांनाही ते मिळालं. याचे गुण दोन. लॅम्डामध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या कोडच्या तुकड्यात, जेवढं घालाल तेवढ्यातूनच एक्सेप्शन यावं लागतं, आणि आलेलं एक्सेप्शन ते तुमच्या हातात देतं. आता त्याला उलटून पालटून बघा, काय विचारायचं ते विचारा, आणि टेस्ट पुढे चालू ठेवा. प्रतापनगरच्या मुलाने हत्यार योग्यच उचललं होतं. हातात आलेलं एक्सेप्शन त्याने उघडून बघितलं नाही, एवढंच. बघितलं असतं तर आतला निरोप वीस हजारांबद्दल चकार शब्द काढत नाही, त्या स्वल्पविरामवाल्या मजकुराबद्दल बोलतोय, हे लगेच दिसलं असतं.

पायथन या दुसऱ्या भाषेतले लोक यातून सुटले असं समजू नये. आमचे महिनाअखेरचे रिपोर्ट पायथनमध्ये आहेत. तिथे पायटेस्ट या टेस्टच्या साधनातलं ‘रेझेस’ (एक्सेप्शन यायला हवं असं सांगणारं) विथ या शब्दाबरोबर वापरतात, आणि त्या विथच्या ब्लॉकमध्ये लोक निवांत चार ओळी लिहितात. एक्सेप्शन फेकणाऱ्या ओळीनंतरच्या ओळी कधीच चालत नाहीत. तिथे लिहिलेले असर्ट, म्हणजे तपासण्या, ही भिंतीवरची शोभा. जावास्क्रिप्टमध्ये रिजेक्ट होणाऱ्या प्रॉमिसची, म्हणजे उत्तर उशिरा देणाऱ्या कामाची, टेस्ट लिहिताना अवेट (उत्तर येईपर्यंत थांबवणारा शब्द) विसरलं तर अपेक्षा पूर्ण झाली की नाही हे कळायच्या आत टेस्ट पास होऊन घरी गेलेली असते. भाषा कुठलीही घ्या, रोग तोच.

आणि हा रोग किरकोळ नाही. टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या किंवा हाताळणाऱ्या पाच प्रणालींमधले १९८ बिघाड उकलून पाहिले. त्यातले ४८ सगळ्या किंवा बहुतेक वापरणाऱ्यांची सेवा लोळवणारे होते. या मोठ्या बिघाडांपैकी ९२ टक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली: सॉफ्टवेअरने चूक झाल्याचं स्वतःहून कळवलं होतं, पण ती हाताळणारा कोड चुकला. ३५ टक्के तर अगदी बाळबोध होते. कॅच रिकामा, किंवा त्यात नुसती लॉगची ओळ, किंवा ‘हे नंतर करू’ अशी टीप. मला त्यात नवल वाटलं ते चुकांचं नाही. आपणही रोज तेच कॅच बघतो. नवल हे की इतक्या नामवंत प्रणालींमध्येसुद्धा नकाराची वाट अंधारीच होती.

नकार मिळाल्यावर मागे काय उरलं, हा भाग तर त्याहून दुर्लक्षित. आणि पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच जास्त महाग पडतो. समजा ठेव मोडून रक्कम सभासदाच्या बचत खात्यात टाकायची आहे. कोड आधी ठेव बंद करतो, मग बचत खात्याकडे वळतो, आणि ते खातं कोर्टाच्या आदेशाने गोठवलेलं निघतं. एक्सेप्शन. टेस्ट विचारते, एक्सेप्शन आलं का? आलं. योग्य प्रकारचं? हो. योग्य कारणाने? तेही हो. टेस्ट हिरवी, आणि ठेव बंद झालेली, पैसे कुठेच नाहीत. ना ठेवीत, ना बचतीत.

इथे स्प्रिंग ही जावाची तयार चौकट वापरणाऱ्यांसाठी एक वेगळाच खड्डा आहे. मेथडवर ट्रान्झॅक्शनलची (‘झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही’) खूण असली की लोक निश्चिंत होतात: काही बिघडलं तर सगळं मागे फिरेल. मागे फिरतं, पण आपोआप फिरतं ते रनटाइम एक्सेप्शन किंवा एरर बाहेर पडली तर. चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे मेथडला आधी जाहीर करावं लागणारं, बाहेर पडलं तर स्प्रिंग सरळ कमिट करून, म्हणजे व्यवहार पक्का करून, मोकळं होतं, जोवर तुम्ही वेगळं सांगत नाही. ‘खातं गोठवलेलं आहे’ हे कुणी चेक्ड एक्सेप्शन म्हणून लिहिलं असेल, आणि तसं लिहायचा मोह होतोच, तर नकारही मिळेल आणि अर्धवट व्यवहारही पक्का होईल. वर आणखी कडी अशी की टेस्टच्याच डोक्यावर ट्रान्झॅक्शनल लावलं, तर मेथड टेस्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होते, टेस्ट संपताना सगळंच मागे फिरवलं जातं, आणि खरा कमिट झाला असता की नाही हे कधी समोर येत नाही. म्हणून अशा टेस्टमध्ये मी असर्ट-थ्रोजच्या खाली दोन ओळी मागते. ठेवीची स्थिती डेटाबेसातून नव्याने वाच: ती चालूच हवी. बचत खात्याची शिल्लक वाच: ती होती तेवढीच हवी. नकार देणाऱ्याने काहीही हलवलेलं नसावं. बाबांच्या टेबलावरूनही परत जाणारा चेक खात्याला नावे पडल्याशिवायच जायचा, आणि चुकून नावे पडलाच तर संध्याकाळच्या ताळेबंदात तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे.

कारण तपासायचं तर कशावरून, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. सोपा मार्ग निरोपाच्या मजकुराचा. पण मजकूर माणसांसाठी असतो आणि माणसं तो बदलतात. आमच्या पडद्यावरचे निरोप गुजरातीत आहेत. एका मंडळीने मराठीही मागितले, डांडिया बाजारातल्या त्यांच्या जुन्या सभासदांसाठी. भाषांतर करणाऱ्या बाईंनी ‘रकम’चं ‘राशी’ केलं, पूर्णविराम हलवला, आणि सकाळी टेस्टांची रांग लाल. त्यात एकही दोष कोडचा नव्हता. पायटेस्टमध्ये तर मॅचला दिलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खुणांचा साचा, म्हणून वाचला जातो. निरोपात कंस असले की जुळत नाही, आणि टिंब असलं की नको तेही जुळतं. माझं मत पहिल्यापासून बाबांच्या मेमोच्या बाजूने होतं. प्रत्येक नकाराला आपला स्वतःचा प्रकार द्या आणि त्यात कारणाचा क्रमांक ठेवा. मागितलेली रक्कम आणि मर्यादा हेही आकडे म्हणून ठेवा, वाक्यात विणू नका. टेस्टने क्रमांक आणि आकडे विचारावेत. वाक्य कसं असावं ते भाषांतरवाल्या बाईंनी ठरवावं. टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हा एक्सेप्शनच्या वर्गांचा पसारा वाटतो, आणि त्याचं अगदीच चूक नाही. मर्यादेच्या नकाराला स्वतंत्र वर्ग हवा. ‘नाव रिकामं आहे’ला नको. कुठे रेघ मारायची हे मी तरी एकच प्रश्न विचारून ठरवते: या नकारावर पुढे कुणी वेगळं काही करणार आहे का? रोख मर्यादेच्या नकारावर पडदा चेकचा पर्याय दाखवतो. म्हणून त्याला नाव हवं.

यावरून दुसरं टोक आठवलं. काही लोक प्रत्येक कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडला, नल देऊन एक्सेप्शन येतं का ते तपासतात. आत नल नाकारणारं जावाचंच रिक्वायर-नॉन-नल असतं. ते चालतं का हे जावा बनवणाऱ्यांनी तपासलंय. अशा टेस्टांनी कव्हरेजचा, म्हणजे किती कोड तपासला त्याचा, आकडा फुगतो, रिव्ह्यू करणाऱ्याचे डोळे थकतात, आणि त्या गर्दीत वीस हजारांची टेस्ट वाचायची राहून जाते. मी त्या सरळ काढायला लावते. यावरून माझ्यावर नाराज असलेली मंडळी आहेत.

अट काढून टेस्ट चालवून बघायचं जे मी हाताने केलं, ते करणारी यंत्रं आहेत. जावात पिट नावाचं साधन आहे. ते तुमच्या कोडमध्ये मुद्दाम लहानसहान बिघाड करतं, अट उलटी करतं, ‘पेक्षा जास्त किंवा समान’चं नुसतं ‘पेक्षा जास्त’ करतं, आणि प्रत्येक बिघाडासाठी टेस्ट चालवून बघतं की कुणी ओरडतं का. कुणी ओरडलं नाही तर तो बिघाड जिवंत राहिला असं त्याच्या अहवालात येतं. आम्ही ते ठेवी आणि कर्ज या दोनच भागांवर लावलंय, कारण सगळीकडे लावलं तर फार वेळ खातं. रोख परतफेडीच्या मेथडवर पिटने स्वल्पविराम काढलेल्या दुरुस्त टेस्टलाही पकडलं. कायदा म्हणतो २०,००० किंवा जास्त. टेस्ट होती २५,००० ची. ‘किंवा समान’ काढलं तरी पंचवीस हजारांना नकार मिळतोच, म्हणजे बरोब्बर वीस हजार मागणाऱ्याची चौकशी कुणीच केली नव्हती. आणि मंडळीत येणारे लोक बरोब्बर वीस हजारच मागतात. गोल आकडा असतो. आता तिथे एक १९,९९९ ची टेस्ट आहे, जिला एक्सेप्शन येता कामा नये, आणि एक २०,००० ची, जिला आलंच पाहिजे, त्याच क्रमांकाने.

याच कामातून एक मजेदार गोष्ट निघाली. स्वल्पविरामाचा छडा लागल्यावर त्या मुलाला चेव आला. मजकुराचा आकडा करणाऱ्या तेवढ्याच पायरीसाठी, आकड्याच्या जागी काय काय आलं तर नकार मिळायला हवा, याची त्याने यादीच केली. रिकामा मजकूर, नुसती जागा, ‘२५०००/-’, ‘रु. २५०००’, आणि शेवटी देवनागरी अंकांतले २५०००. (या लेखात मी सगळेच आकडे देवनागरीत लिहितेय, त्याच्या टेस्टमध्ये बाकीचे इंग्रजी अंकांत होते आणि हा एकच देवनागरीत.) सगळीकडे नंबर फॉरमॅट एक्सेप्शन आलं. देवनागरीच्या टेस्टवर मात्र जेयुनिटने कळवलं की एक्सेप्शन यायला हवं होतं, पण काहीच फेकलं गेलं नाही. पार्स-लाँगने देवनागरी अंक मुकाट वाचले आणि पंचवीस हजारांचा आकडा हातात ठेवला. गुजराती अंक देऊन बघितले, तेही वाचले. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या अक्षरतक्त्यात, ज्या ज्या लिपीचे दशमान अंक म्हणून नोंदलेले आहेत ते जावाला चालतात. पायथनच्या इंटलाही, म्हणजे तिथल्या आकडा करणाऱ्या सोयीलाही, चालतात. त्याने एक अंक इंग्रजी आणि दुसरा गुजराती असं मिसळून दिलं, तर तेही चाललं.

पहिल्यांदाच एखादी नकाराची टेस्ट लाल झाल्याचा आम्हाला आनंद झाला होता, कारण तिने असा प्रश्न विचारला होता जो कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. ते चालू द्यायचं की अडवायचं? हा निर्णय आमचा नव्हे, म्हणून मी मंडळीच्या मंत्र्यांना, म्हणजे त्यांच्या चिटणीसांना, फोन केला. साठीपुढचे गृहस्थ, अजून स्वतःची वही गुजराती अंकांतच लिहितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आंकडो साचो छे ने?’ मी म्हटलं, हो, आकडा बरोबर येतो. ‘तो लई लो ने, बेन.’ म्हणजे, मग घेऊन टाका.

तेव्हा ती टेस्ट उलटी केली. देवनागरी आणि गुजराती अंक वाचताना आता एक्सेप्शन येता कामा नये, आणि रक्कम पंचवीस हजारच यायला हवी. मग तिला वीस हजारांच्या मर्यादेचा नकार मिळायला हवा, इंग्रजी अंकांना मिळतो तोच. एकाच रकमेत दोन लिप्यांचे अंक मिसळलेले असले तर मात्र अडवायचं ठरलं, कारण तसं कुणी हाताने लिहीत नाही, ते कुठूनतरी चिकटवलेलं असतं. जावा त्याला अडवत नाही, म्हणून ती अट आम्हालाच लिहावी लागली, स्वतःच्या क्रमांकासकट. पडद्याचं काम अजून बाकी आहे. तिथे जावास्क्रिप्ट आहे, आणि त्याच्या नंबरला, म्हणजे आकडा करणाऱ्या सोयीला, देवनागरी दिलं की ते ना एक्सेप्शन फेकतं ना आकडा देतं, नुसतं ‘नॅन’ (हा आकडा नाही) म्हणतं. त्यामुळे सर्व्हरला चालणारी रक्कम पडदा ‘रक्कम भरा’ म्हणून परत पाठवतो, आणि मंत्रीभाई दर सोमवारी त्याची आठवण करून देतात.